हरबाशेटच्या पागोट्याचं पाणी

मोरवंड गावात घड्याळ यायच्याही फार वर्षं आधी तिथे चंद्राई झारेकरीण राहत होती. सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा, ओढ्यावर लाकडी काथवटीत धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण वेचायचे, हा तिचा धंदा. सोनं नुसतं हुंगून ती त्यात तांबं किती ते सांगायची, असं म्हणतात. पडताळून कोणी पाहिलं नाही. गावाला तेवढी सवड नव्हती.

अठरा वर्षांत तिनं लेकीच्या, सगुणाच्या, बोरमाळेपुरतं सोनं जमवलं आणि माळ घडवायला हरबाशेट सोनाराला दिलं. कारण त्याच्या केरात कधी कणसुद्धा सापडत नसे. किती जपून काम करतो, असं तिला वाटे. शिवाय माणूस भाविक. कानस चालवताना अखंड नामस्मरण, आणि दर नामाला बोटं तेलकट पागोट्याला टेकवायची.

माळ वजनाला तंतोतंत भरली. पण लग्नाच्या मांडवात व्याह्यांनी ती कसोटीच्या दगडावर घासली, तर रेघ तांबूस उमटली.

"विहीणबाई, केरातलं तांबंच वेचलंत की! बैल जुंपा रे, परत फिरू."

सगुणाचे डोळे भरले. चंद्राईनं माळ हुंगली, आणि अठरा वर्षांचा तो स्वच्छ केर तिला एकदम कळला.

मांडवातच बसलेल्या हरबाशेटला ती म्हणाली, "शेट, पागोटं द्या. धुऊन देते."

"अगं, चारचौघांत डोकं उघडं करतेस?"

"माझ्या लेकीचं लग्न मोडतंय. तुमच्या डोक्याला जरा वारा लागेल, एवढंच."

पहिल्या पाण्यात कोंडा निघाला, दुसऱ्यात तेल. तिसऱ्यात काथवटीचा तळ असा झळकला की पहाट झाली समजून कोंबडे पुन्हा आरवले, असं म्हणतात. माळेतलं सोनं तर निघालंच, वर गावातल्या अकरा नथींचंही निघालं.

"देवाची लीला!" हरबाशेट म्हणाला. सवयीनं बोटं वर गेली, पण तिथे नुसतं टक्कल होतं.

व्याही खाकरले. "विहीणबाई, माळ राहू द्या. सुनेबरोबर ती काथवट पाठवता का?"

"काथवट मिळायची नाही. सून न्या."

मांडव हसला, सगुणाही हसली, आणि अक्षता पडल्या.

अजूनही मोरवंडला लग्नाचं सोनं हाती घेण्याआधी सराफ टोपी पाण्यात बुडवतो आणि म्हणतो, "चंद्राई, बघून घे." आता दागिन्यांवर हॉलमार्क असतो आणि टोपी कोणी घालत नाही. म्हणून प्रत्येक दुकानात बुडवण्यापुरती एक टोपी ठेवलेली असते. गिऱ्हाईक छाप सावकाश बघतं. आधी टोपी ओली आहे ना, ते चाचपतं.