सात हात भुई

एका राज्यात भिंतीला घर संपत नसे. भिंतीबाहेरची सात हात भुई ज्याची त्याने राखावी, तीही स्वतःच्या हाताने, आणि शेजारी थकला तर त्याचीही राखावी, अशी तिथली जुनी आज्ञा होती. कारण त्या भुईखाली कंटका नावाची राक्षसी पुरलेली होती. वरचे तण माणसाच्या हाताने निघत राहील तोवर ती झोपलेली असे.

त्या राज्यात शंखपाल नावाचा पाथरवट राहत होता. माणूस भारी काटेकोर. त्याच्या आणि शेजारच्या इरावती म्हातारीच्या घरामध्ये सात हातांचा बोळ होता. शंखपालने मधोमध सुतळी बांधली आणि आपले साडेतीन हात असे राखले की तिथे ताट न ठेवता जेवावे. उपटलेले तण मात्र तो सुतळीपलीकडे टाकी. पलीकडचे ते आपले नव्हे, हा त्याचा हिशेब.

इरावतीचे हात कापू लागले तशी ती एकदा सुतळीपाशी आली. माझ्या दारातली दोन रोपे तेवढी उपटून दे, म्हणाली. शंखपालने अगदी गोड शब्दांत आज्ञेचा पहिला अर्धा भाग तिला ऐकवला. दुसरा अर्धा त्यालाही पाठ होता. तो त्याने गिळला.

ज्येष्ठात त्याची बायको सुरूपा चार दिवस माहेरी गेली. त्याच दिवसांत म्हातारीचे दार काट्यांनी बंद झाले. आतून ती हाका मारू लागली. तीन दिवस मारत होती. शंखपालने एकदाच उत्तर दिले. चौथ्या दिवशी हाका थांबल्या आणि त्याला, खरे सांगायचे तर, बरे वाटले.

सुरूपा परतली. आजी कुठे दिसत नाहीत, तिने विचारले. भाचीकडे गेली असेल, तो म्हणाला. दुसऱ्या सकाळी सुरूपाच्या बोटांना काटे फुटले. दुपारपर्यंत ते कोपरापर्यंत चढले आणि तिच्या पायांनी उंबऱ्यातच मुळे धरली. ती ओरडली नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. बायकोवर त्याचा फार जीव होता.

तो धावत राजा धर्मकेतूकडे गेला. राजाच्या खांद्यावर भारद्वाज बसला होता. राज्यातली सगळी कुंपणे त्या पक्ष्याची पाहिलेली होती.

"कंटका जागी झाली आहे," भारद्वाज म्हणाला. "ती चुकणाऱ्याला धरत नाही. तो ज्याच्यावर जीव टाकतो त्याला धरते."

"उपाय?" राजाने विचारले.

"तीन कामे. पलीकडचे काटे लोखंडाशिवाय उपटावे. ते स्वतःच्या घरातून वाहून न्यावे. मग म्हातारीचे दार उघडून, तिला जे उत्तर दिले तेच पुन्हा द्यावे. सूर्य मावळला की बाईचे झुडूप होईल."

शंखपालने नुसत्या हातांनी काटे उपटले. प्रत्येक झुडूप मुळासकट निघताना इरावतीच्या आवाजात बोले. शंखपाला, दार उघडत नाही रे. शंखपाला, पाणी संपले. एका झुडपाने नुसते त्याचे नाव घेतले. त्याच्या तळव्यांचे कातडे सोलून निघाले, पण कान मिटता येत नव्हते.

मग भारे डोक्यावर घेऊन तो आपल्या माजघरातून, देवघरासमोरून, परसात गेला. चाळीस खेपा झाल्या. जिथे काटा सांडला तिथली फरशी काळी पडली. प्रत्येक खेपेला उंबऱ्यातल्या सुरूपाला वळसा घालावा लागे. काटे आता तिच्या गळ्याशी आले होते.

ऊन उतरले तेव्हा त्याने म्हातारीचे दार ढकलले. ती दाराला टेकून बसली होती. हात कडीवर होता. जीव कधीच गेला होता.

"मी म्हणालो, आजी, येतो," शंखपाल बोलला. मागे सुरूपाच्या गळ्याभोवती काटे आवळले.

"मी म्हणालो, मला ऐकू आले नाही." तिचा श्वास अडकला.

तो गुडघ्यांवर बसला. बायको सात हातांवर होती, तिला सगळे ऐकू जाणार होते. तिने हे ऐकू नये म्हणून त्याने आपला उरलेला जन्म दिला असता. पण तसे चौथे काम कोणी सांगितले नव्हते.

"मी म्हणालो," तो कडीवरच्या हाताकडे पाहून बोलला, "आजी, जरा हळू ओरड. मी जेवायला बसलो आहे."

काटे गळून पडले. भुई एकदा हलली आणि कंटका पुन्हा झोपली. सुरूपा मोकळी झाली. ती शंखपालच्या बाजूने इरावतीच्या दारात गेली. आत जाऊन तिने इरावतीची बोटे एकेक करून कडीवरून सोडवली आणि तिला मांडीवर घेतले.

राजाने म्हातारीचे दहन आपल्या हाताने केले. राज्यातल्या लोकांनी आपापले बोळ साफ केले, आणि थकलेल्यांच्या दारात जाऊन हाक घालायची रीत पुन्हा सुरू झाली. शंखपाल सातही हात राखू लागला. सुरूपाने त्याचा संसार सोडला नाही. ती रोज स्वयंपाक करी, त्याचे ताट वाढी, आणि त्याने पहिला घास उचलला की उठून बाहेर जाई.