शिवलेली दोन पाने

खूप वर्षांपूर्वी एका परसात अंजिराचे झाड होते. त्या उन्हाळ्यात विहीर आटली, आणि जीव वाचवायचा तर पाने गाळण्यावाचून झाडाला उपाय उरला नाही. पण त्याच्या खालच्या फांदीवरची दोन पाने एका इवल्या शिंपिणीने चोचीने टोचून, कापसाच्या धाग्याने शिवून, त्यांत घरटे केले होते. आत तीन उघडी पिल्ले होती.

"दादा, यांना पंख फुटेपर्यंत तरी थांबा," शिंपीण म्हणाली.

खाली पाखरांच्या पाण्यासाठी ठेवलेली मातीची थाळी हसली. "शिवायच्या आधी विचारायचं होतंस की, बाई. भाडेकरूसुद्धा विचारतो."

दुसऱ्या दिवसापासून पाने गळू लागली. आठवड्याभरात झाड बोडके झाले. फक्त शिवलेली दोन पाने हिरवी राहिली.

"वाळलं हे," म्हणत घरचे केरोबा कोयता घेऊन आले.

"अहो, नीट बघा," त्यांच्या पत्नी भागाबाई म्हणाल्या. "वाळलेलं झाड पिल्लं सांभाळील का?"

केरोबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग कोयता खाली ठेवून त्यांनी तांदूळ धुतलेले पाणी आणून झाडाच्या आळ्यात ओतले, आणि रोज ओतत राहिले.

पिल्ले उडाली त्या संध्याकाळी, वारा नसताना, ती दोन पाने सुटली आणि थाळीतल्या पाण्यावर अलगद उतरली. टाके तसेच होते.

"दादा," थाळीने हळूच विचारले, "इतके दिवस कशी धरलीत?"

"मलाही कळलं नाही," झाड म्हणाले. "रोज सोडायला जायचो, तेवढ्यात आत कुणीतरी हलायचं."