गरुड, मयूर आणि तुळसाबाई

बुधवार होता. तुळसाबाई राजवाड्याच्या मागच्या अंगणात चिंच लावून पाण्याचे हंडे घासत होती. तेवढ्यात वेशीकडून दवंडी ऐकू आली.

"ऐका हो ऐका! गरुड फोन सरस की मयूर फोन सरस, याचा निवाडा शुक्रवारी दरबारात होणार! जो फोन हरेल, त्या कंपनीचे राज्यातले सगळे फोन त्याच दिवशी तळ्यात बुडवले जाणार होऽऽ!"

तुळसाबाईचे हात हंड्यावरच थांबले.

भांडण मुळात महाराज रणधवल आणि राणीसाहेब सुलेखा यांचं. महाराजांकडे गरुड, राणीसाहेबांकडे मयूर.

"माझ्या फोनात चंद्रावरचे डाग दिसतात!" महाराज एकदा म्हणाले.

"माझ्या फोनात तुमच्या मिशीतले पांढरे केस दिसतात!" राणीसाहेब म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पंधरा दिवस झाले होते. निवाडा करायला कुणी धजत नव्हतं. दिवाणजी म्हणाले, "दोन्ही आपापल्या जागी उत्तम." महाराजांनी त्यांना आठ दिवस हत्तीखाना झाडायला लावला. राजवैद्य म्हणाले, "गरुड." राणीसाहेबांनी त्यांना त्यांचाच काढा दिवसातून तीनदा प्यायला लावला!

तुळसाबाईचा फोन होता मयूर. काच तडकलेली, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. त्या फोनात भिकोबाचा आवाज होता. भिकोबा तिचा नवरा, राजवाड्याच्या बागेतला माळी. मागच्या श्रावणात तो गेला. कामावरून निघताना तो रोज बोलून निरोप पाठवायचा, "तुळसे, निघालो गं. भाकरी टाक." सगळे निरोप हेच. तुळसाबाई रोज त्यातला एक ऐकायची, मग तवा ठेवायची.

शुक्रवार उजाडला. दरबार भरला. फोन तळ्यापर्यंत वाहून न्यायला दारात सहा गाढवं रिकामी पोती लादून उभी होती.

"आहे का कुणी निवाडा करणारा?" महाराजांनी विचारलं.

सगळा दरबार आपापल्या जोड्यांकडे बघू लागला. तुळसाबाईने पदर खोचला आणि ती पुढे आली.

"मी करते, महाराज."

दिवाणजी हसले. "अगं, तू पाणी भरणारी बाई! तुला फोनातलं काय कळतं?"

"तुम्हाला सगळं कळत होतं दिवाणजी, म्हणून तर हत्तीखान्यात पोचलात!"

दरबारात खसखस पिकली. राणीसाहेबांनी पदराआड तोंड लपवलं.

"महाराज, आधी एक सांगा," तुळसाबाई म्हणाली. "फोन असतो कशाला?"

"बोलायला! आणखी कशाला?"

"आणि राणीसाहेब, तुम्ही काय म्हणता?"

"बोलायलाच."

"मग फोन केला आणि समोरच्यानं तो उचललाच नाही, तर काय उपयोग?"

"काहीच नाही!" दोघं एकदम म्हणाले, आणि एकमत झालं म्हणून दोघांनीही तोंड फिरवलं.

"तर माझी कसोटी ऐका. महाराजांनी गरुडावरून राणीसाहेबांना फोन करायचा. राणीसाहेबांनी मयूरावरून महाराजांना. ज्याचा फोन समोरचा आधी उचलेल, तो जिंकला. आणि निकाल लागेपर्यंत राज्यातला एकही फोन बुडवायचा नाही. मान्य?"

"मान्य!" महाराज गरजले. "मान्य!" राणीसाहेब म्हणाल्या.

"तसं लिहून वर शिक्का मारा, महाराज."

शिक्का बसला. महाराजांनी मिशीला पीळ दिला आणि फोन लावला. राणीसाहेबांच्या हातात मयूर वाजू लागला.

"उचला की!"

"मी का उचलू? उचलला की तुम्ही जिंकलात!" राणीसाहेबांनी तो बंद केला आणि उलट फोन लावला. आता गरुड वाजू लागला. "घ्या ना, महाराज!"

"वा गं वा! मी काय खुळा आहे?"

गरुड वाजे, थांबे. मयूर वाजे, थांबे. एक घटका गेली, दोन घटका गेल्या. दारातली गाढवं सुरात सूर मिसळू लागली. दोन्ही फोन तापून तव्यासारखे झाले. उचलतंय कोण!

शेवटी महाराजांनी एक डाव टाकला. "राणीसाहेब, फोन घ्या. फार महत्त्वाचं बोलायचं आहे."

"मग बोला की! समोरच तर बसला आहात!"

महाराज गडबडले. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "ते... पांढरे केस खरंच दिसतात का हो?"

"तीन आहेत," राणीसाहेब म्हणाल्या. "शोभतात."

महाराजांनी घसा खाकरला. "तुळसाबाई! हे असं किती दिवस चालायचं?"

"आपण म्हणाल तितके दिवस, महाराज."

"म्हणजे निकाल लागणारच नाही?"

"लागेल की! कसोटी मी दिली, शिक्का आपण मारला. आता फोन उचलायचं तेवढं काम राहिलंय. ते मी कसं करू? मी फक्त पाणी भरते!"

महाराज असे हसले, असे हसले, की फेटा कानावर आला! "अगं, तू तर आमच्या हट्टालाच तळ्यावर पहाऱ्याला बसवलंस! माग, काय हवं ते माग!"

"नोकरांच्या चाळीत विजेचा एक बोर्ड द्या, महाराज. फोन चार्ज करायला दिवाणजींच्या कचेरीत हात जोडावे लागतात."

"एक? खोलीखोलीत देतो!" महाराज म्हणाले. राणीसाहेबांनी आपल्या हाताने तिला जरीकाठी लुगडं दिलं. गाढवं रिकामी पोती घेऊन परत गेली.

त्या दिवशीचा कागद दरबाराच्या दप्तरात आहे. त्यावर कसोटी लिहिलेली आहे, शिक्काही आहे. जिंकलेल्या फोनचं नाव लिहायचं मात्र अजून राहिलं आहे.