पाळण्याशी घसरणारा सूर

प्रभुदेसाईंच्या स्टुडिओतून बेसूर गाणं बाहेर पडत नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तोराही तसाच. आई गेल्यावर हेमांगीकडे उरली एक जुनी कॅसेट. तान्ह्या हेमांगीला जोजवताना आईनं गायलेली अंगाई. तिची खरखर तेवढी काढून द्या, असं तिनं सांगितलं होतं. प्रभुदेसाईंनी मशीनवर सूरही दुरुस्त करून टाकले.

"प्रत्येक कडव्याच्या शेवटी तुमच्या आईचा सूर घसरत होता. सगळीकडे वर उचललाय. आता काढून दाखवा चूक!"

हेमांगीनं डोळे मिटून अंगाई शेवटपर्यंत ऐकली.

"साहेब, बाबा सांगायचे, कडवं संपता संपता आई पाळण्यात वाकून बघायची, मी झोपले का ते. तुम्ही तिला ताठ उभं केलंत. आता पाळण्यात बघणार कोण?"