राजधुराड्यातला काजळनाग

एका राज्यात कुणालातरी सगळे ठाऊक होते, आणि तो गप्प बसला होता. घरोघरी लेकरे खोकत होती, आयाबायांचे डोळे चुलीपुढे विझत चालले होते, आणि तो पाटावर बसून गरम भात जेवत होता. त्याचे नाव मी आत्ता घेत नाही. ज्याचे त्याला कळले असेल.

त्या राज्याची वहिवाट अशी की नवी चूल मांडली तर तिचा पहिला निखारा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आणायचा. म्हणून राज्यातल्या साऱ्या चुली त्या एका चुलीच्या लेकी. आई आजारी पडली की लेकी आजारी पडत. बारा वर्षांमागे राजचुलीचे धुराडे कोंदले आणि त्याच दिवशी राज्यातले प्रत्येक धुराडे कोंदले. लोकांनी ती झाडून पाहिली, सांधून पाहिली, पाडून नवी बांधून पाहिली. धूर वर जाई, तोंडाशी पोचे, आणि आल्या वाटेने खाली येई. अंगणात चूल मांडली तर अंगणाला वळसा घालून घरात शिरे. शेवटी लोकांनी त्याला प्रारब्ध म्हटले. एकदा प्रारब्ध म्हटले की हातपाय हलवावे लागत नाहीत.

साळू गवंडीण मात्र त्याला प्रारब्ध म्हणत नव्हती. तिचा आजा धुराडी बांधत असे, बाप धुराडी बांधत असे, आणि तीही तेच करी. ती म्हणे, "धूर कोंदतो तेव्हा नळीत काहीतरी असते. काय आहे ते बघायचे आणि काढायचे. यात देवाला कशाला ओढता?"

साळूची लेक रुंजी चार वर्षांची होती. तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजे. वैद्याने नाडी पाहिली, पोरीला बाहेर खेळायला पाठवले आणि मग बोलला, "साळू, या धुरात पोर ही अमावास्या काढणार नाही."

अमावास्येला नऊ दिवस होते. साळूने थापी कमरेला खोचली आणि तडक दरबार गाठला.

राजा सुषेण सिंहासनावर बसला होता. शेजारी मांत्रिक कर्दम उभा होता.

"महाराज, मला राजधुराडे झाडू द्या."

"त्याला हात लावायचा नाही. वडिलांची आज्ञा आहे," राजा म्हणाला.

"वडील स्वर्गात आहेत, महाराज. तिथे धूर नसावा."

दरबारी चपापले. कर्दम हसला. "बाई, राजधुराड्यावर शाप आहे. तो कसा सुटतो ते मी सांगेन, पण फुकट नाही. एक धुराडे झाड, एक सांध, एक उभार. तिन्ही मी सांगेन ती."

"सांगा."

"पहिले, काळ्या डोंगरावरच्या राक्षसिणीचे. गेलेला माणूस परत आलेला नाही."

गोष्ट लांबवणारे इथे डोंगराचे वर्णन करतात. साळूकडे नऊच दिवस होते, म्हणून आपणही थेट डोंगरमाथ्यावर जाऊ.

राक्षसिणीचे घर टेकडीएवढे, आणि धुराडे ताडाच्या सात झाडांएवढे. राक्षसीण उंबऱ्यात बसून डोळे पुसत होती.

"कोण गं तू? तुला भाजून खाऊ की उकडून?"

"मावशी, आधी तुमची चूल पेटते का ते सांगा. मग भाजायचे-उकडायचे बघू."

राक्षसिणीला हुंदका आला. चाळीस वर्षांत तिने सगळे कच्चेच खाल्ले होते. साळूने निरगुडीच्या फांद्यांचा भारा दोराला बांधला, खाली दगड लटकवला, छपरावर चढून तो नळीत सोडला आणि वरखाली ओढू लागली. काजळी खाली कोसळू लागली. मध्येच नळीतून आवाज आला, "हळू, बाई, हळू! मी इथे राहते."

ती पाकोळी होती, काळे चपळ पाखरू. पाकोळीला फांदीवर बसता येत नाही. ती भिंतीला नख्या रोवून लटकते, म्हणून जुन्या धुराड्यांइतके तिला दुसरे घर मानवत नाही. साळूने तिला पदरात धरून बाहेर काढले, नळी तीन दिवसांत साफ केली, आणि मगच तिला परत ठेवू लागली.

"आता नको. चूल पेटेल इथे. तुझ्याबरोबर येते," पाकोळी म्हणाली.

राक्षसिणीने भाकरी भाजली. पहिली भाकरी साळूला दिली आणि म्हणाली, "तुझ्या आधी जे आले, ते सगळे तलवारी घेऊन आले गं. झाडणी कुणी आणली नाही."

दुसरे काम वाऱ्याच्या बुरुजावर होते. तिथल्या धुराड्याला वीतभर भेग होती आणि तिच्यातून वारा रात्रंदिवस किंचाळे. साळूने चुना, वाळू, गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर एकजीव करून भेग लिंपली. वाऱ्याने फुंकर मारली, लिंपण उडून गेले. दुसऱ्यांदा लिंपली, दुसऱ्यांदा उडाली. तिसऱ्यांदाही तेच. असे दोन दिवस गेले.

"चुना धरायला चार प्रहर लागतात. तेवढा वेळ हा थांबायला हवा," साळू म्हणाली.

पाकोळी म्हणाली, "मी त्याच्यातच जन्म काढला. तो एकाच वेळी थांबतो. कुणी काही सांगत असेल, आणि ते खरे असेल, तर श्वास रोखून ऐकतो."

साळूला कथाकहाण्या येत नव्हत्या. तिने चौथ्यांदा लिंपण केले आणि रुंजीबद्दल सांगू लागली. पोर चिंचा चाखते आणि तोंड वेडेवाकडे करते. विटांची रांग लावून तिला गाव म्हणते. पळायला लागते आणि मध्येच उभी राहते, कारण श्वास पुरत नाही. मग ती दमलेली नाहीच असे दाखवायला उगाच गुडघ्यावरची माती झटकते. साळू सकाळपासून मावळतीपर्यंत बोलत राहिली. झाडाचे पान हलले नाही.

चुना धरला, तेव्हा वारा हळूच म्हणाला, "गवंडीणबाई, मी तुमच्या गावावरून रोज जातो. मला कुणी बोलावले नाही. ज्या धुराड्याचे तोंड घराच्या आढ्यापेक्षा दोन हात उंच असेल, त्याचा धूर मी वाहून नेईन. त्याखाली मला वाकता येत नाही."

साळू सातव्या दिवशी दरबारात परतली. कर्दमाचे ओठ आवळले गेले.

"तिसरे काम. मुदपाकखान्यात राजचुलीसाठी नवे धुराडे उभार. उद्या सूर्य मावळायच्या आत त्याने धूर ओढला पाहिजे. मात्र राज्याचा नियम ध्यानात ठेव. राजाच्या मस्तकाहून उंच काहीही नवे बांधायचे नाही. बांधलेस तर तुझेच मस्तक जाईल."

राजा बसे तळमजल्याच्या दरबारात. मुदपाकखान्याचे आढे त्याच्या मस्तकाहून कितीतरी वर होते. साळूने नमस्कार केला आणि कामाला लागली.

मुदपाकखान्याची मुख्य आचारीण गोदाक्का. डोळे लाल, जीभ धारदार. तिने साळूला पहाटेपासून विटा रचताना पाहिले.

"साळे, आढ्यापर्यंत आलीस. आता पुढे बांधशील तर डोके जाईल, नाही बांधलेस तर पोर जाईल. डोके वापरतेस का, जाण्याआधी?"

"वापरले, आक्का. एवढा निरोप पोचवा. महाराजांना म्हणावे, आपले सिंहासन आज आढ्यावर मांडायचे आहे."

"कुठे?"

"छपरावर. माझ्या धुराड्याहून हातभर उंच."

गोदाक्का इतकी हसली की खोकल्याने वाकली. पण निरोप तिने पोचवला, आणि तोही भर दरबारात, खणखणीत आवाजात. राजाला नाही म्हणता येईना. नियम त्याचाच होता. नियम मोडायचा नसेल, तर राजालाच वर जाणे भाग होते.

सेवकांनी सिंहासन छपरावर नेऊन मांडले आणि राजा शिडी चढला. आयुष्यात पहिल्यांदा चढला, म्हणून दोन्ही हातांनी चढला. सिंहासनावर बसला आणि समोर पाहिले. साऱ्या राज्यावर करड्या धुराची गोधडी पसरली होती. त्या गोधडीखालून खोकल्यांचा आवाज येत होता. बारीक खोकले, म्हातारे खोकले, कुणी थांबतच नव्हते. खाली दरबारात सनई वाजे, त्यामुळे हे त्याला कधी ऐकू आले नव्हते.

साळूने शेवटची वीट बसवली. गोदाक्काने राजचुलीत ओले गवत टाकले. धूर नव्या नळीतून वर आला, तोंडाशी पोचला, क्षणभर थांबला आणि पुन्हा खाली वळू लागला.

राजाच्या शेजारीच जुन्या राजधुराड्याचे तोंड होते. त्याने वाकून आत पाहिले. आतून दोन पिवळे डोळे त्याच्याकडे पाहत होते. तो काजळीचा नाग होता. विळख्याखाली मोहरांच्या राशी होत्या आणि राज्यातला सगळा धूर तो पीत होता.

"मला ठाऊक होते," राजा म्हणाला. "परचक्र आले तेव्हा वडिलांनी खजिना इथे दडवला. वर कर्दमाकडून राखण बसवली. त्याच दिवशी मरताना मला सांगितले. धूर कशाने कोंदला, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते."



साळू शिडीच्या पायरीवरून खाली अंगणाकडे ओरडली, "कर्दमा, झाडले, सांधले, उभारले! आता तुझा शब्द!"

अंगणातून मांत्रिकाला सांगावेच लागले. "ज्याचे धन, त्याने या धुराड्याच्या तोंडाशी येऊन म्हणावे, हे माझे नाही. मग नाग उरत नाही. मी शाप असा बांधला, कारण कुठलाही राजा छपरावर चढणार नाही याची मला खात्री होती."

 खजिना गेला तर राजेपण काय उरले, हे राजा मनात तोलत होता. बारा वर्षे तो तेच तोलत आला होता.

"महाराज," साळू म्हणाली, "अमावास्या उद्या आहे."

राजा उठला. धुराड्यावर वाकला आणि म्हणाला, "हे माझे नाही."

नागाने एकदा फणा काढला आणि तो भुगा होऊन खाली गेला. मुदपाकखान्यात काजळीचा ढीग पडला, आणि ढिगावर मोहरा पडल्या त्या पक्क्या भाजलेल्या विटा होऊन. वारा आला. नव्या नळीतला धूर त्याने मुठीत धरून उचलला, मग नाग नसल्याने आपसूक आढ्यावर चढलेला गावातल्या पहिल्या घराचा, मग दुसऱ्या, मग दहाव्या. गोधडी कडेपासून गुंडाळली गेली आणि साळूबरोबर आलेल्या पाकोळीला ऊन दिसले.

कर्दम त्याच दिवशी राज्याबाहेर गेला. त्याला कुणी हाकलले नाही. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही, एवढेच. राजाने मस्तकाचा नियम मोडीत काढला आणि नवा केला, की प्रत्येक घराचे धुराडे आढ्याहून दोन हात उंच, आणि त्याच्या विटा राजवाड्यातून. दर चातुर्मासाआधी सारी धुराडी झाडायची, आणि पहिली झाडणी राजाने राजधुराड्यात घालायची.

अमावास्या आली आणि गेली. त्या दिवशी रुंजी घरापासून विहिरीपर्यंत पळत गेली, आणि मध्ये कुठेही थांबली नाही. साळू दारात उभी राहून बघत होती. तिने पोरीला हाक मारली नाही. पळू दिले.

पुढे आठ दिवसांनी राजा मुदपाकखान्यात आला. भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, चूल लखलखीत पेटलेली. त्याने विचारले, "गोदाक्का, आता कसे वाटते?"

गोदाक्काने तव्यावरची भाकरी उलटली.

"बरे आहे, महाराज. फक्त आता भाकरी करपली, तर ती मीच करपवली, हे सगळ्यांना दिसते."