कोंबडेअण्णांचं हँडलवरचं हेल्मेट

फार वर्षांपूर्वी माळावरचे प्राणी चार जाड चाकांच्या, हँडलच्या उघड्या गाड्या उडवायचे, तेव्हा झालेल्या एका अपघातात चूक फक्त कोंबडेअण्णांची होती. हेल्मेटचा नियम त्यांनीच केला, त्यावर तासभर भाषणही त्यांनीच ठोकलं. स्वतः मात्र हेल्मेट हँडलला अडकवून फिरायचे. डोक्यावरचा लालभडक तुरा झाकला, तर त्यांना मोठं कोण म्हणणार?

"अण्णा, हँडलला डोकं आहे का?" नातीने, तलंगीने विचारलं.

"गप गं! तू अंड्यात होतीस तेव्हापासून चालवतोय मी. नाक्यावरचा रेडा हवालदार दिसला की घालतो."

एवढं बोलून अण्णांनी गाडी थेट डांबरी रस्त्यावर घातली. ती तिथे आणायची नाही, हाही नियम त्यांचाच. वळण घेताच समोर रेडा शिट्टी घेऊन उभा. अण्णांनी घाईघाईने दोन्ही पंखांनी हेल्मेट उचललं. मग हँडल धरायला उरलं कोण? गाडी बाभळीत घुसली. हेल्मेटला ओरखडाही आला नाही.

"अण्णा," रेडा म्हणाला, "पावती नंतर फाडतो, आधी काटे काढू."

अण्णा जगले. तुरा मुळापासून गेला, तो पुन्हा आला नाही.