जाळीतला बोळा

"ज्यानं हे केलंय ना, त्याला माणूस म्हणायची माझी तयारी नाही."

यशोधनच्या हातात जुन्या टॉवेलचा घट्ट पिळलेला बोळा होता. तो त्यानं आप्पांच्या पुढ्यात, दगडावर आपटला.

आप्पा कोवळ्या उन्हात पाय पसरून बसले होते. ते बोळ्याकडे बघत राहिले.

हिमाचलात, केलाँगच्या पुढे, जिस्पाच्या अलीकडे, भागा नदीच्या काठावरच्या मोकळ्या जागेत त्यांची कॅराव्हॅन उभी होती. ऑक्टोबर संपत आला होता. बाहेर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरलेली असायची.

आप्पा वझरकरांनी जन्मात मठ बांधला नाही. मठ बांधला की माणूस त्याची राखण करत बसतो, असं ते म्हणायचे. मग शिष्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत चार बिछाने, एक ओटा आणि गॅसचा हीटर बसवला आणि तिलाच फिरता मठ म्हणू लागले.

हीटर यशोधनच्या ताब्यात. कराडला मेकॅनिकलची डिग्री घेऊन, पुण्यातली नोकरी सोडून तो आप्पांच्या मागे आला होता. कुठेतरी एकदा खरं ऐकायला मिळावं, एवढीच त्याची भूक होती. दर आठवड्याला तो हीटरचं धुराडं उतरवून ब्रशनं काजळी काढायचा. गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचा. ज्योत निळी आहे ना, हे गुडघ्यांवर बसून तपासायचा.

आणि दाराजवळ, जमिनीलगत, वीतभर जाळी होती. तिच्यातून बाहेरची हवा आत यायची. हवेबरोबर गारठाही यायचा. ती बुजवायची नाही, हे त्यानं निघताना सगळ्यांना सांगितलं होतं. मनालीला पुन्हा सांगितलं होतं. जाळी बुजली की हीटर घुसमटतो आणि विष ओकतो. त्या विषाला रंग नसतो, वास नसतो.

दोन-तीन दिवस सकाळी उठल्यावर सगळ्यांची डोकी ठणकत होती. विरळ हवा, असं जो तो म्हणत होता. स्वयंपाक सांभाळणाऱ्या मथुराकाकू आज उठल्याच नाहीत. त्यांचा बिछाना हीटरला लागून. यशोधननं हाका मारल्या, गदागदा हलवलं, शेवटी काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं. परत जाऊन बघतो तर ज्योत पिवळी. जाळीत बोळा.

खालच्या गावातून डॉक्टर आला. त्यानं ऑक्सिजन लावला. काकूंनी डोळे उघडले. जाताना तो हिंदीत एवढंच म्हणाला, की अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर मला बोलवायचं कारणच उरलं नसतं.

काकू आता पिवळ्या पडलेल्या पॉपलरच्या झाडाखाली सतरंजीवर पडल्या होत्या, अंगावर दोन रग घेऊन.

"वरून चिकटपट्टी लावलीय," यशोधन म्हणाला. "म्हणजे झोपेत नाही, चुकून नाही. खाली बसून, दातानं पट्टी तोडून, नीट लावलीय."

बोलता बोलता त्याची नजर ड्रायव्हरकडे गेली. हणमंता टायरला टेकून विडी ओढत होता.

"नाव घ्या की सायेब," हणमंता म्हणाला. "नुसतं बघताय माझ्याकडं."

"टॉवेल गाडी पुसायचा आहे."

"मग? टॉवेल गाडीचा, म्हून जाळी म्या बुजवली व्हय?"

"काल गारठा गारठा कोण करत होतं?"

"तुमी सोडून समदे. तुमाला रागाचीच ऊब हाय."

आप्पांच्या ओठाचा कोपरा हलला. यशोधनला ते झोंबलं.

"हसण्यावारी नेऊ नका, आप्पा. बाई मरत होती."

"हं... मग काय करायचं त्याचं?"

"इथंच उतरवायचं. पिशवी हातात द्यायची आणि रस्ता दाखवायचा."

"माफी मागितली तर?"

"तरी."

"गुडघे दुखत होते म्हणाला तर?"

"गुडघे सगळ्यांना आहेत, आप्पा. फुप्फुसंही सगळ्यांना आहेत."

"आणि म्हातारा असला तर?"

"म्हातारा असला म्हणून काय खून माफ?"

हणमंता जेमतेम पस्तिशीचा होता. यशोधनच्या ते ध्यानातच आलं नाही.

आप्पांनी बोळा उचलला, उलटा-पालटा करून बघितला, परत ठेवला.

"मी घातला हा," ते म्हणाले.

नदीचा आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला. हणमंतानं विडी दगडावर चिरडली.

यशोधन उभा होता तो खाली बसला. मांडी घातली, प्रवचनाला बसतात तशी.

"म्हणजे... त्यामागं तुमचा काहीतरी विचार असणार."

"होता. पाय गार पडत होते."

"नाही, तसं नाही. आम्ही किती सावध आहोत ते बघायला तुम्ही..."

"पाय गार पडत होते."

"किंवा देहाचा भरवसा नाही, हे आम्हाला..."

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

"मग माझीच चूक," तो पुटपुटला. "तुमच्या पायांची सोय मी करायला हवी होती. एक गरम पाण्याची पिशवी... मला सुचायला हवं होतं."

"वा," आप्पा म्हणाले.

ते उठले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आज चढला.

"हणमंता होता तोवर खून होता. मी निघालो तर गरम पाण्याची पिशवी."

ते गाडीत शिरले. बाहेर आले तेव्हा खांद्याला झोळी होती. त्यांनी चपला घातल्या आणि मनालीच्या रस्त्याला लागले. मागे वळून बघितलं नाही.

यशोधन धावला. रस्त्याच्या कडेला त्यानं त्यांना गाठलं आणि धुळीत बसून दोन्ही पाय धरले.

"आप्पा, असं करू नका."

"सोड."

"मी बोललो ते तुम्हाला नव्हतं."

"कुणाला होतं?"

यशोधननं कपाळ पायांवर टेकवलं.

"गरम आहेत ना?"

"काय?"

"पाय. तिच्या जिवावर तापवलेत मी ते. टेक कपाळ. नीट टेक."

चटका बसावा तसे यशोधनचे हात निघाले.

"ते विष कुणाच्या पाया पडत नाही, यशोधन."

तो धुळीत तसाच बसून राहिला. पायांकडे बघत. भेगाळलेले, म्हाताऱ्या माणसाचे पाय. गेली दोन वर्षं तो रोज सकाळी ह्यांच्यापुढे वाकत आला होता, आणि आज सकाळीही वाकला होता. काकूंना ओढत बाहेर आणल्यानंतर, डॉक्टर यायच्या आधी.

तेव्हा कुठे त्याला राग आला. मघाचा सोपा होता, खाली उतरणीला सोडून दिल्यासारखा हणमंताकडे आपोआप गेला होता. हा वर यायला तयार नव्हता. घसा खरवडत आला.

"तुम्हाला सांगितलं होतं," तो उठत म्हणाला.

"हो."

"दोनदा सांगितलं होतं. मनालीला तुम्ही मान डोलावलीत."

"डोलावली."

"आणि विरळ हवा असं पहिलं कोण म्हणालं? तुम्ही. मग आम्ही सगळे तेच म्हणायला लागलो. माझं डोकं फुटत होतं तरी मी जाळी बघितली नाही. तुम्ही म्हणालात म्हणून."

आप्पांनी मान खाली घातली.

"तुम्ही मथुराकाकूंना मारलं असतंत."

"पुन्हा म्हण."

"मारलं असतंत. पाय गार पडतात म्हणून."

त्याचा आवाज फाटला. रडू आलं ते त्यानं येऊ दिलं. नजर मात्र खाली घेतली नाही.

आप्पांनी झोळी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"हे तिच्यासमोर बोलायला हवं," ते म्हणाले. "मी बोलतो. तू उभा राहा. मी गोड करून सांगायला लागलो तर मला अडव."

दोघं परत निघाले. गाडीशी आल्यावर यशोधन हणमंतासमोर थांबला. "हणमंता, मी मघाशी..."

"ऱ्हाऊ द्या ते," हणमंता म्हणाला. "आदी तिच्याकडं जावा. आपलं भांडण काय पळून चाललंय व्हय."

मथुराकाकू जाग्या होत्या. आप्पा येताना दिसले तशी त्यांनी पदर सावरून उठायची धडपड केली. आप्पांनी हातानंच पडून राहायला सांगितलं आणि ते सतरंजीच्या बाहेर, नुसत्या मातीत बसले.

"मथुराबाई, जाळीत बोळा मी घातला होता. ह्यानं बजावलं होतं, तरी घातला. माझे पाय गार पडत होते, एवढंच कारण. तुमचा जीव जाणार होता माझ्यामुळे. मी गुन्हेगार आहे तुमचा. मला काय बोलायचं ते बोला."

यशोधन शेजारी उभा होता. अडवण्यासारखं आप्पा काहीच बोलले नव्हते.

काकूंनी आप्पांकडे बघितलं. मग यशोधनकडे. पुन्हा आप्पांकडे. सकाळपासून राखेसारखा पडलेला त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांनी रगातून हात बाहेर काढला, आप्पांच्या पावलांना लावला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला.

"तुमच्या हातून गेले असते, आप्पा, तर सोनं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आमचं कुठलं आलंय एवढं नशीब."